पडवीतले फोटो काळपट येतात

प्रश्न : गुहागरला आमची आंब्याची बाग आहे, पेट्यांचे फोटो पडवीत काढले की काळपट दिसतात, फुकटात एडिट कसं करू? काहीच येत नाही मला.

उत्तर : ताई, कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये फोटोपी (Photopea) ही फोटो एडिट करायची वेबसाइट उघडा, जाहिराती दिसतात पण फुकट आहे आणि फोटो अपलोड न होता तुमच्याकडेच राहतो. फोटो आत ओढून टाका, आधी कंट्रोल-जे दाबून लेअरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी करा म्हणजे मूळ फोटो शाबूत, मग कंट्रोल-एलने लेव्हल्स (उजेड-अंधार कमीजास्त करायची चौकट) उघडून मधला बाण हळूहळू डावीकडे सरकवा, सावलीतला पेंढा, देठ सगळं दिसायला लागेल. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, मात्र वाढवू नका हां, फोटोत भडक केशरी दिसलेला हापूस पेटीत तसा निघाला नाही की गिऱ्हाईक नाराज होतं.