जुन्या लॅपटॉपवर घरचा क्लाउड

प्रश्न : कुटुंबाचे फोटो कुठल्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवायचे नाहीत. पडून असलेला लॅपटॉप चालेल का?

उत्तर : चालेल की! क्लाउड म्हणजे नेटवरून वापरलेला दुसऱ्याचा संगणक. इथे तो तुमचाच. त्यावर उबंटू सर्व्हर ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, मग फाइल-फोटो साठवून इतर उपकरणांवर दाखवणारं नेक्स्टक्लाउड हे मुक्त सॉफ्टवेअर बसवा. ४ जीबी रॅम घरापुरती पुष्कळ झाली. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही, एवढं सेटिंग आधी बदला.

बाहेरून वापरायचं तर नेक्स्टक्लाउड थेट इंटरनेटवर उघडं टाकू नका, हे मी कळकळीने सांगते. वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खासगी मार्ग, लावा. त्याला राउटरवर एकच यूडीपी पोर्ट (आत येण्याचं एक दार) पुरतो आणि योग्य चावी नसलेल्याला तो उत्तरही देत नाही.

खरी काळजी पुढेच. सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फायली आपोआप सारख्या ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे. रोजच्या संगणकावरच्या सिंक फोल्डरमधून फोटो उडवला की सर्व्हरवरूनही, म्हणजे त्या जुन्या लॅपटॉपवरूनही जातो. नेक्स्टक्लाउडच्या ट्रॅशमध्ये (कचरापेटीत) तो साधारण ३० दिवस राहतो, पण जागा कमी पडली तर त्याआधीही पुसला जातो. म्हणून रोज रात्री वेगळ्या डिस्कवर प्रत काढा, नेक्स्टक्लाउडच्या नोंदी ज्यात असतात त्या डेटाबेससकट. आणखी एक प्रत नातेवाइकांकडे ठेवा. अधूनमधून त्या प्रतीतले चार फोटो परत उघडूनही बघा.