वाचकांचे प्रश्न : केबिन आणि हौदा एकसंध करताना

प्रश्न : जुन्या पिकअपची केबिन आणि हौदा (मागचा माल ठेवायचा भाग) यांच्यातली 25 मिमीची फट बुजवून बॉडी एकसंध करायची आहे. फटीत पत्र्याची पट्टी वेल्ड करून वर लांबी (पत्रा सपाट करायची पुट्टी) भरली तर टिकेल का?

नाही टिकणार. ही फट मुद्दाम ठेवलेली असते. खड्ड्यातून जाताना चासी पिळवटते. केबिन रबरी माउंटवर, म्हणजे चासीवरच्या रबरी आधारांवर, बसलेली असते आणि हौदा बहुतेक गाड्यांत थेट चासीला बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे दोघे वेगवेगळे हलतात. मधे पातळ पट्टी जोडली की हा सगळा ताण एका वेल्डवर येतो. 1961 मध्ये फोर्डने एफ-मालिकेच्या पिकअपची अशी एकसंध बॉडी कारखान्यातूनच दिली होती. माल भरला की दरवाजे अडकतात अशा तक्रारी आल्या आणि 1963 नंतर ती बॉडी बंद झाली. फोर-व्हील ड्राइव्ह मॉडेलला मात्र फोर्डने स्वतंत्र हौदाच ठेवला होता.

म्हणून पत्र्याला हात लावण्याआधी मोजमाप करा. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, अशा चार जागी फट मोजून लिहा. मग पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक 150 मिमीच्या ठोकळ्यांवर चढवून पुन्हा मोजा. नंतर उलट कोपरे चढवा. शेवटी हौद्यात नेहमीचा भार ठेवून मोजा. भार मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असेल तर वरची फट मिटते, मागे लोंबत असेल तर उघडते. कुठल्याही जागी 2 मिमीपेक्षा जास्त फरक दिसला, तर चासी घट्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आमचे ठाम मत आहे.

चासी सी-चॅनलची, म्हणजे इंग्रजी C सारखी एका बाजूने उघडी, असेल तर उघडी बाजू 4 ते 5 मिमी प्लेटने बंद करून तिची पेटी करा. पिळाला विरोध करण्याची ताकद बंद पेटीत कित्येक पटींनी जास्त असते. त्याआधी ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप, वायरिंग आणि टाकी काढा. चासी समपातळीत टेकवून, आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला 40-50 मिमीचे तुकडे वेल्ड करत जा. एका दमात लांब वेल्ड मारला तर चासीच वाकडी होते.

नंतर माउंट. हौद्याचे कडक बोल्ट काढून केबिनसारखेच, तेवढ्याच उंचीचे आणि तेवढ्याच कडकपणाचे रबर हौद्याखाली घाला. बरेच जण इथेच चुकतात. केबिन रबरावर आणि हौदा लोखंडावर राहिला, तर चासी कितीही घट्ट केली तरी सांधा फाटतोच.

ताण आतल्या सांगाड्याने घ्यायला हवा, बाहेरच्या पत्र्याने नव्हे. दरवाज्याखालच्या पट्ट्याच्या उंचीवर आणि हौद्याच्या वरच्या कडेच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना 40×40×2 मिमी चौकोनी पाइप टाकून केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत बांधून घ्या. पाइपाच्या टोकांना 3 मिमीच्या रुंद प्लेटा लावा. नुसता पाइप पातळ पत्र्याला चिकटवला तर पत्रा भोवतीने फाटतो.

आता बाहेरचा पत्रा. 25 मिमीची पट्टी नको. दोन्ही कडा दुमडलेल्या असतात आणि इतक्या जवळ दोन वेल्ड आले की आकसून मधे नाली पडते. दोन्हीकडचा फक्त बाहेरचा पत्रा सपाट भागापर्यंत, साधारण 75 मिमी, मागे कापा आणि मूळ जाडीचाच (0.8 ते 1 मिमी) एक रुंद तुकडा बसवा. त्याला किंचित गोलाई द्या. अगदी सपाट तुकडा दाबला की टक्क वाजतो. केबिनच्या खिडकीखालून हौद्याकडे उतरणारा कोपरा काटकोनी ठेवू नका, किमान 50 मिमीची गोलाई द्या, कारण भेग तिथूनच सुरू होते.

सांधा एकावर एक न चढवता कडेला कड लावून करा. चढवलेल्या सांध्यात पाणी साचते आणि उन्हात रंगाखाली रेष उमटते. मिग वेल्डिंगला (गॅसच्या आवरणात, आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेने होणारे वेल्डिंग) 0.6 मिमी तार, 75 टक्के आर्गॉन आणि 25 टक्के कार्बन डायऑक्साइड. 30-40 मिमी अंतराने टाके मारा, मग त्यांच्या मधे, एक या टोकाला तर दुसरा त्या टोकाला. मागच्या टाक्यावर बोट टेकवता आले तरच पुढचा. वेल्ड घासून झाला की आतून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून बाहेरून हलक्या हातोडीने ठोका. आकसलेला पत्रा पुन्हा पसरतो. लांबीचा थर 3 मिमीच्या वर जाऊ देऊ नका. काम सुरू करताना बॅटरी काढा आणि काचा ओल्या गोणपाटाने झाका.

प्रश्न : असेच काम करून घेतले होते. आता सांध्यावरच्या रंगाला भेग गेली आहे. पुन्हा लांबी भरून रंग दिला तर?

भेग तशीच परत येईल. आधी तिचा आकार पाहा. सांध्याला समांतर सरळ रेष असेल तर वेल्ड तुटक आहे किंवा लांबी जाड आहे. कोपऱ्यातून तिरकी निघत असेल तर पिळाचा ताण आहे, तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे माउंट आणि सांगाडा तपासा. पत्रा उघडा करा, भेगेच्या टोकाला 3 मिमीचे भोक पाडा म्हणजे ती पुढे धावणार नाही, मग वेल्ड करा.

प्रश्न : केबिन आणि हौद्याच्या दोन भिंतींमधली पोकळी बंद करून टाकावी का?

पूर्ण बंद नको. तळाला दोन्ही कोपऱ्यांत 10-12 मिमीची भोके ठेवा. वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळलेला असतो, त्यामुळे गंज आतूनच धरतो. वेल्डिंगआधी कडांना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्ड करता येते असा) लावा, रंगकाम झाल्यावर लांब नळीने आत पोकळीचे गंजरोधक मेण फवारा. मेण आधी फवारले तर वेल्डिंगमध्ये पेट घेते.