रेकॉर्ड-प्रश्नोत्तरे : लाल लेबल म्हणजे पहिली प्रत?

प्रश्न : ‘फाइव्ह सॅटिन्स’ या अमेरिकन गायकगटाच्या ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ची ४५ (मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी) घ्यायची आहे. एम्बर कंपनीचं लाल लेबल, काळं लेबल आणि लाकडाच्या ओंडक्यांची अक्षरं असलेलं रंगीत लेबल, अशा तीन प्रती समोर आहेत. विकणारा तिन्हींना ‘ओरिजिनल १९५६’ म्हणतो. खरी कोणती? (न्यू जर्सी)

उत्तर : काटेकोर बोलायचं तर पहिली प्रत तिन्हींपैकी एकही नाही. हे गाणं फेब्रुवारी १९५६मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथे, सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित झालं. आधी ते स्टँडॉर्ड या छोट्या स्थानिक रेकॉर्ड कंपनीकडून, क्रमांक २०० म्हणून निघालं, तेही मागच्या बाजूला. पुढची बाजू होती ‘द जोन्स गर्ल’. मग न्यूयॉर्कच्या एम्बरने हक्क घेऊन १००५ क्रमांकाने ते देशभर काढलं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून वाजवली आणि गाणं ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या पॉप यादीत २४व्या क्रमांकापर्यंत गेलं.

तुमच्या तिघांत १९५६चा दावा लाल लेबलच करू शकतं. बाकीची दोन नंतरची आहेत. १९५९मध्ये ‘ओल्डीज बट गुडीज’ या संकलनात गाणं आलं, मागणी पुन्हा वाढली आणि १९६०मध्ये तीच जुनी रेकॉर्ड परत यादीत शिरली, ८१व्या क्रमांकावर. एम्बर नव्या लेबलांवर छापत राहिली, पण क्रमांक १००५च राहिला. म्हणून नुसत्या क्रमांकावरून साल ठरवू नका. काही प्रतींवर नावाला ‘आय’ल रिमेंबर’ जोडलेलं असतं. गाणं तेच आहे.

पैसे देण्याआधी लेबल आणि खाचा यांमधल्या कोऱ्या पट्टीचा फोटो मागवा, तिरक्या उजेडात काढलेला. तिथे कोरलेले आकडे खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहा. लेबल सहज नक्कल करता येतं, हे आकडे तितके सहज नाहीत. स्टँडॉर्डची प्रत स्वस्तात मिळत असेल तर आधी शंका घ्या.

आणखी एक. गाणं साथीच्या गायकांच्या ‘शू-डू’ने सुरू होतं. रेडिओ स्टेशनवरची प्रत सुरुवात जुळवण्यासाठी मागेपुढे फिरवलेली असते, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांतच खरखर बसते. नेमक्या या जागी ती झाकली जात नाही. विकणाऱ्याला सुरुवातच वाजवून दाखवायला सांगा. आम्ही तरी खरखरत्या लाल लेबलापेक्षा स्वच्छ काळं घेऊ.

प्रश्न : याच गाण्याची ७८ (मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी) मिळाली. नेहमीच्या सुईने आवाज पोकळ येतो, सूंसूं होते. (पुणे)

उत्तर : सुई बदला. ४५ची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ७८च्या रुंद खाचेत ती तळाशी घासते आणि तिथला कचरा वाजवते. ७८साठी सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. अॅम्प्लिफायरवर मोनोचं (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारं) बटण असेल तर दाबा, निम्मी कटकट तिथेच जाते. धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको, लाखेची तबकडी त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं. लेबल कोरडं ठेवा आणि तबकडी पूर्ण सुकल्याशिवाय पाकिटात घालू नका.

प्रश्न : याच गटाच्या ‘टू द आइल’मध्ये मुख्य आवाज वेगळा का? (ठाणे)

उत्तर : गाणारा वेगळाच आहे, बिल बेकर. पहिलं गाणं लिहिणारा आणि गाणारा फ्रेड पॅरिस त्या वेळी सैन्यात होता, जपानमध्ये.

प्रश्न : हे गाणं असलेल्या एलपीवर (अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकडीवर) ‘स्टीरिओ’ लिहिलंय. घ्यावी का? (गोवा)

उत्तर : १९५६चं हे गाणं मोनोत निघालं. साठच्या दशकातल्या एलपींवरचा ‘स्टीरिओ’ बहुधा एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तार सप्तक ढकलून बनवलेला असतो. सॅक्सोफोन त्यात डब्यातून आल्यासारखा वाटतो. मोनो छापील प्रत शोधा.