चंद्रावर तारे का नाहीत? गच्चीत जाऊन बघ

अरे, तुझा रात्री पावणेएकचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. "काका, चंद्रावरच्या फोटोत एक पण तारा नाही, म्हणजे सगळं स्टुडिओतलंच ना?" ग्रुपवर सगळे हसले म्हणून तू चिडलायस तेही कळलं. मी नाही हसणार, प्रश्न चांगलाय, फक्त विचारल्या विचारल्या उत्तरही तूच देऊन टाकलंस तिथे गडबड झाली.

आज रात्री नऊला गच्चीत जा. थंडीच्या दिवसांत मृग नक्षत्र मस्त वर आलेलं असतं. मोबाईल प्रो मोडवर टाक, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १००, शटर (प्रकाश किती वेळ आत येणार ते) १/२५० सेकंद आणि काढ फोटो. काळाकुट्ट येईल, व्याधासारखा आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा समोर असून फोटोत जवळपास नसल्यासारखा. आता फोन स्टँडवर लाव, आयएसओ १६००, शटर १० सेकंद, आता तारेच तारे. मग त्याच सेटिंगवर जिन्याच्या बल्बखाली भावाला उभा कर, भाऊ गायब, नुसता पांढरा डाग!

अपोलो यानातून चंद्रावर गेलेल्यांचं हेच झालं, ते उतरले तेव्हा तिथे दिवस होता, हवा नाही म्हणून आकाश काळं पण ऊन कडक, जमीन आणि ते पांढरे सूट उन्हात चमकतायत, मग कॅमेरा उन्हाच्याच हिशोबाने लावणार ना, म्हणजे साधारण १/२५० सेकंद. आणि 'एक पण तारा नाही' हे तर चूकच आहे. १९७२ मध्ये अपोलो १६ सोबत जॉर्ज कॅरुथर्स यांनी बनवलेला अल्ट्राव्हायोलेट कॅमेरा गेला होता, तो यानाच्या सावलीत ठेवून त्यांनी चंद्रावरून ताऱ्यांचेच फोटो काढले. ते दिसायला अगदीच बोअर आहेत म्हणून कोणी फॉरवर्ड करत नाही.

तू शंका घ्यायलाच हवी होतीस ती रंगांवर. हबल या अवकाश दुर्बिणीचा १९९५ चा तो फेमस फोटो, गरुड तेजोमेघातले वायू-धुळीचे खांब, त्यात हायड्रोजनला हिरवा रंग दिलाय, गंधकाला लाल, ऑक्सिजनला निळा. खरं तर हायड्रोजन आणि गंधक दोघांचा प्रकाश लालच, तसाच ठेवला तर कुठे काय आहे ते वेगळं कळणारच नाही. म्हणजे तिथे जाऊन उभा राहिलास तर तुला तसं दिसणार नाही, हे शंभर टक्के खरं. पण खोटं ते नव्हे, नकाशात जिल्हे रंगवतात तसं आहे ते. कच्चा डेटा सगळ्यांना फुकट मिळतो, मी पहिल्यांदा उतरवला तेव्हा फाईल करप्ट आहे असंच वाटलं, नुसता अंधार आणि मधेमधे पांढरे ओरखडे. ते ओरखडे कॉस्मिक किरणांचे, म्हणजे अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळणाऱ्या वेगवान कणांचे, हे नंतर कळलं. ब्राइटनेस हळूहळू ताणत गेलो तसा मेघ वर यायला लागला, तासभर खुर्चीतून उठलो नाही.

आता माझी फजिती ऐक. २०२२ मध्ये जेम्स वेब या नव्या अवकाश दुर्बिणीचा म्हणून एक लालबुंद ताऱ्याचा फोटो फिरत होता, सूर्यानंतरचा आपल्या सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, मी पण दोन ग्रुपवर ढकलला. निघाली सॉसेजची चकती! एतिएन क्लाइन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने गंमत म्हणून टाकलेली, नंतर माफी पण मागितली. मला राग आला तो स्वतःचाच, कारण पकडायला दोन मिनिटं पुरली असती. प्रॉक्सिमा ४.२ प्रकाशवर्षं लांब, आकाराने सूर्याच्या सातव्या हिश्श्याएवढा, तो वेबमधून पण ठिपकाच दिसणार, थाळीएवढा कसा दिसेल? आणि वेबच्या फोटोत तेजस्वी ताऱ्याला प्रकाशाचे सहा मोठे काटे येतात, आरशाच्या षटकोनी तुकड्यांमुळे, आडवे दोन बारीक वेगळे, हबलला चारच. सॉसेजला एकही नव्हता.

तर ग्रुपवर परत भांडण्याआधी ते तीन फोटो मला पाठव, एडिट न करता. स्टँड नसेल तर माझा घेऊन जा, एक पाय ढिला आहे त्याचा, रबरबँड लावलाय तो काढू नकोस.