गरम नाही, तरी गेम रखडतो? चार्जर उलटा करून लेबल वाच

रात्रपाळी संपवून सकाळी घरी आलो आणि ही पोस्ट वाचली. डिचोलीचा मित्र लिहितो: लॅपटॉप तीन वर्षांचा, गेम सुरू केला की पहिली दहा मिनिटं सेकंदाला 60 फ्रेम, मग एकदम 12-15. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 0.79 गिगाहर्ट्झवर चिकटून बसतो. चार्जर लावलेला असूनही बॅटरी 100 वरून 80 वर येते. सर्व्हिस सेंटरने मात्र ‘आमच्याकडे नीट चालतो’ म्हणून परत दिला. मित्रा, 2021 च्या पावसाळ्यात माझं हेच झालं होतं, अगदी त्या 0.79 सकट.

ड्रायव्हर, ग्राफिक्स सेटिंग, पॉवर मोड हे सगळं तू बघितलंच असशील, त्यात जात नाही. तुझ्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली आहे आणि मला तीच हवी: हा चार्जर लॅपटॉपबरोबर आलेलाच आहे, की मध्ये बदललास?

माझा बदललेला होता. जुलैत आमच्या वाड्यावर तारांवर फणसाची फांदी पडली, न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) तुटला, घरातले दिवे आधी झगझगीत पेटले आणि मग टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि लॅपटॉपचा चार्जर दोन्ही गेले. फोंड्याला एका दुकानात जुना चार्जर दाखवला. दुकानदाराने पिन जुळवून बघितली, व्होल्टेज बघितलं, 19.5 ला 19.5, दिला. लॅपटॉप चार्ज व्हायला लागला, मी खूश. ॲम्पिअरचा आकडा त्याने वाचला नाही आणि मीही वाचला नाही. जुना 7.7 ॲम्पिअरचा होता, म्हणजे 150 वॉट. नवा 3.33 चा, म्हणजे जेमतेम 65.

आता हिशेब बघ. माझा प्रोसेसर आय5-9300एच, तो 45 वॉटचा. जीटीएक्स 1650 आणखी 50 वॉटपर्यंत खातं. स्क्रीन, पंखे, रॅम धरण्याआधीच 95 झाले. कमी पडलेले वॉट सुरुवातीला बॅटरीतून ओढले जातात, म्हणून तुझी पहिली दहा मिनिटं बरी जातात. मग लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा गुणक (100 मेगाहर्ट्झच्या किती पट वेगाने चालायचं तो आकडा) 8 वर आणतो, आणि 8 गुणिले 100 मेगाहर्ट्झ म्हणजे 0.8 गिगाहर्ट्झच्या आसपास, तुझा तो 0.79.

पण हे मला कळायला अडीच महिने लागले, आणि त्याचं कारण एकच चूक. पणजीच्या सर्व्हिस सेंटरला जाताना बॅग हलकी राहावी म्हणून मी फक्त लॅपटॉप नेला. चार्जर घरी. त्यांनी टेबलावरचा स्वतःचा चार्जर लावला, अर्धा तास चालवला, ‘नो फॉल्ट’ लिहून परत दिला. घरी आणला की तेच रडगाणं. दुसऱ्यांदा गेलो तर विंडोज नव्याने टाकून दिली, पैसे घेतले. तिसऱ्यांदा सांगितलं की मदरबोर्ड बदला, 31,000 रुपये. तिन्ही खेपांत काउंटरवरच्या एकानेही ‘तुमचा चार्जर कुठाय’ एवढं विचारलं नाही. कुंडईला फार्मा कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी करणाऱ्याने दर वेळी रजा टाकून बस बदलत जायचं आणि समोरच्याने स्क्रीनवरून मान वर करायची नाही, याचा राग अजून गेलेला नाही. मध्ये मी 8 जीबीची दुसरी रॅम आणि नवीन एसएसडी पण घालून घेतली. रॅमचा थोडा फायदा झाला, कारण आधी एकच पट्टी होती आणि दोन पट्ट्यांनी चॅनेल, म्हणजे मेमरीत ये-जा करायचे रस्ते, दोन होतात. पण 0.79 जागचा हलला नाही.

चालू करताना स्क्रीनवर दोन ओळी यायच्या, अडॅप्टर कमी क्षमतेचा आहे अशा अर्थाच्या. मी रोज एन्टर दाबून पुढे जात होतो. तुलाही येत असतील तर थांबून वाच.

तपासायचं कसं? एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वेग वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाक, त्यातले सेन्सर उघडे ठेव आणि गेम पंधरा मिनिटं चालव. फ्रेम पडल्या त्या क्षणी प्रोसेसरचं तापमान बघ. 95-100 अंश असेल तर दुखणं उष्णतेचं आहे: जाळी साफ कर, थर्मल पेस्ट बदलून घे. त्यात वेग साधारण खालीवर होत राहतो. तापमान 55-60 आणि वेग मात्र सपाट 0.79, तर माझा संशय विजेवरच. चार्जर मूळचाच असला तरी निर्धास्त राहू नकोस. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक काडी असते, लॅपटॉप तिच्यावरून चार्जर ओळखतो. ती वाकली किंवा वायर मानेपाशी आतून तुटली तर 150 वॉटचा चार्जरही अनोळखी ठरतो. मित्राकडून त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा चार्जर तासाभरासाठी आण. त्यावर गेम नीट चालला तर निकाल लागला.

यूट्यूबवर ‘थ्रॉटलस्टॉप टाका, बीडी प्रोकहॉटची टिक काढा’ सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणजे प्रोसेसरला ‘हळू चाल’ सांगणारा लॅपटॉपचा इशाराच एका सॉफ्टवेअरने बंद करायचा. मी काढली होती. गेम चालला, पण वीस मिनिटांत चार्जरला हात लावता येईना आणि प्लास्टिकचा वास यायला लागला. लाकडी माळ्याचं घर आहे आमचं, आई-बाबा वर झोपतात. कारण सापडल्याशिवाय ती टिक काढू नकोस, हे मी हात जोडून सांगतो.

टाइप-सी चार्जरच्या 65 वॉटवर कॉलेजचं काम होईल, गेम होणार नाही. स्वस्त कॉपी चार्जरच्या लेबलवर विश्वास ठेवू नकोस, हातात घेऊन वजन बघ. 150 वॉटची वीट जड असते. मला शेवटी मूळ चार्जर 3,400 ला पडला आणि त्याच संध्याकाळी 60 फ्रेम परत आल्या.

विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात साध्या स्पाइक गार्डवर विसंबू नका. तो क्षणभराचा झटका झेलतो. न्यूट्रल गेल्यावर टिकून राहणारं जास्त व्होल्टेज त्याला झेपत नाही. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला लाइन तोडणारा प्रोटेक्टर मिळतो, मी चवथीच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डलाच बसवून घेतला. आणि डिचोलीत खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यालगत घर असेल तर लाल धूळ जाळीत बसतेच, वर्षातून एकदा तरी उघडून घे. साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव.

मी इंजिनिअर नाही, एका लॅपटॉपवरून बोलतोय. बोर्डावरचं चार्जिंग सर्किटच बिघडलेलं असू शकतं, ते मला इथून दिसणार नाही. पण 31,000 ला हो म्हणण्याआधी चार्जर उलटा कर, ‘आउटपुट’ची ओळ वाच आणि व्होल्ट, ॲम्पिअर दोन्ही आकडे इथे लिही. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेलही लिही, म्हणजे त्याला मुळात किती वॉट लागतात ते ताडून बघता येईल. आज मला सुट्टी आहे, दुपारी उठलो की बघतो.