हेडफोन करेक्शन लावलं तरी पियानो तसाच का वाजतो?

प्रश्न: विंडोज लॅपटॉपवर पियानोटेक (पियानोचं सॉफ्टवेअर) वाजवते, ऑडिओ इंटरफेसला हेडफोन लावून. इक्वलायझर एपीओमध्ये (विंडोजच्या आवाजातला बास-ट्रेबल बदलणारं सॉफ्टवेअर) माझ्या हेडफोनचं करेक्शन, म्हणजे हेडफोनमधला कमी-जास्तपणा भरून काढणारं सेटिंग, टाकलंय, यूट्यूबवर फरक लगेच कळतो पण पियानोला काहीच नाही. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: तुमचा पियानो बहुतेक एएसआयओ ड्रायव्हरवरून (आवाज उशीर न होता पोचवणारा ऑडिओ ड्रायव्हर) वाजतोय आणि तो आवाज विंडोजच्या मिक्सरला बगल देऊन थेट इंटरफेसकडे जातो, एपीओ त्या वाटेत येतच नाही. विंडोजचा साधा ड्रायव्हर लावून बघाल पण ते नका करू, त्याने कळ दाबल्यावर आवाज उशिरा आला तर वाजवण्यातली सगळी मजाच जाते. त्यापेक्षा रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) पियानोटेक प्लगइन म्हणून, म्हणजे रीपरच्या आतच, उघडा आणि करेक्शनचा ईक्यू (इक्वलायझर) रीपरच्या मॉनिटरिंग एफएक्समध्ये टाका, म्हणजे ते फक्त तुमच्या कानाला लागेल, रेकॉर्डिंग रेंडर करताना (फाईल बनवताना) फाईलमध्ये जाणार नाही. साउंडआयडी रेफरन्स (हेडफोन करेक्शनचं तयार सॉफ्टवेअर) घेतलं तर त्यात झिरो लेटन्सी मोडच (आवाजाला उशीर न करणारा) निवडा, लिनिअर फेज मोड आवाजाला उशीर करतो, म्हणून लाइव्ह वाजवायला जड जातो.

आणि हो, बास वाढवत असाल तर ईक्यूमधला प्रीअँप (एकूण आवाजाची पातळी) तेवढे डेसिबल खाली घ्याच, नाहीतर जोरात कॉर्ड दाबला की आवाज फाटतो. पियानोचा सगळ्यात खालचा सूर 27.5 हर्ट्झचा, पण कानाला तो मुख्यतः वरच्या हार्मोनिक्समुळेच (त्याच सुरासोबत वाजणारे उंच स्वर) कळतो, त्यामुळे तिथे उगाच बास कोंबू नका. करेक्शननंतर पियानो सुरुवातीला फिका वाटेल, थोडे दिवस तसंच वाजवा, मग पियानोचे प्रीसेट (तयार सेटिंग्ज) बदलायला घ्या.