माहितीपटकार आनंद पटवर्धन यांच्या कारकिर्दीत ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाला एवढे महत्त्व का दिले जाते?

पटवर्धन यांचा जन्म मुंबईतला, १९५० सालचा. सत्तरच्या दशकात बिहारच्या आंदोलनापासून त्यांनी माहितीपट काढायला सुरुवात केली. ‘हमारा शहर’ या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. आयुष्याची अनेक वर्षे डाव्या चळवळीत घालवलेल्या या शाहिराने मृत्यूपूर्वी डोक्याला आंबेडकरी चळवळीच्या रंगाचे, निळे फडके बांधले होते. ते का, या प्रश्नाचा माग काढत पटवर्धन तब्बल चौदा वर्षे चित्रीकरण करत राहिले आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. त्यांच्या इतर माहितीपटांत युक्तिवाद पुढे असतो (तो काहींना एकांगी वाटतो), इथे मात्र शाहिरीच बोलते, म्हणून मला हा त्यांचा सर्वांत समृद्ध माहितीपट वाटतो. सेन्सॉरशी त्यांचे खटके तर कायमचेच. अणुचाचण्यांवरील माहितीपटासाठी सुचवलेली काटछाट २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली.